खुलासा, खालसा आणि खलास : सारांश काढण्याच्या इतिहासातील काही धडे

धर्मगुरू आणि धर्मशिक्षक यांचे निम्मे आयुष्य सारांश काढण्यात जाते, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. रविवारच्या शास्त्रपाठांचे दहा मिनिटांचे प्रवचन, विवाहापूर्वीच्या चौकशीची नोंद, धर्मप्रांताकडे पाठवावयाचा वार्षिक अहवाल, अंत्यविधीच्या वेळी मृताच्या सत्तर वर्षांच्या संसाराविषयी बोललेली चार वाक्ये, हे सर्व सारांशच होत. हे काम आपण इतक्या सवयीने करतो की, ते करताना नेमके काय घडते, काय उरते आणि काय कायमचे गळून पडते, याचा विचार करण्याची वेळ सहसा येत नाही. तो विचार प्रस्तुत लेखात इतिहासाच्या आधाराने करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी आम्ही निवडलेले स्थळ म्हणजे हैदराबादेतील कोठी. ही निवड का केली, ते पुढे ध्यानी येईल.

शब्दांचे कूळ

इंग्रजी भाषेत 'समराइझ' हे एक क्रियापद या सर्व कामांना पुरते. मराठीत तसे नाही. आपल्याकडे सारांश आहे, संक्षेप आहे, गोषवारा आहे, तात्पर्य आहे, मथितार्थ आहे. आणि हे शब्द एकमेकांच्या जागी नेहमी चालत नाहीत. याचे कारण असे की, प्रत्येक शब्दात सारांशाची एक निराळी कल्पना दडलेली आहे. 'सारांश' म्हणजे साराचा अंश. येथे चोथा टाकून रस ठेवण्याची कल्पना आहे. 'संक्षेप' या शब्दात एकत्र टाकणे, गोळा करणे असा मूळ धातूचा अर्थ आहे. येथे काही फेकून द्यावयाचे नसून पसरलेले आवरून घ्यावयाचे आहे. 'मथितार्थ' म्हणजे घुसळून वर आलेले लोणी. त्यासाठी रवी फिरविण्याचे श्रम करावे लागतात. 'गोषवारा' हा शब्द फारसीतून आला. फारसीत त्याचा पहिला अर्थ कानातील डूल असा आहे आणि दुसरा अर्थ हिशोबाचा संक्षेप असा आहे. मोठ्या हिशोबाच्या कानाला लटकणारे हे लहानसे डूल पुढे आपल्या दप्तरांत इतके रुळले की, आज कोणत्याही ग्रामपंचायतीच्या ताळेबंदात ते सापडते.

या मालिकेत आणखी एक शब्द आहे, आणि कोठीच्या परिसरात तो दोन तोंडांनी बोलतो. सुलतान बाजार, जांबाग या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. जांबागेतील विवेकवर्धिनीसारख्या मराठी शिक्षणसंस्था तेथेच वाढल्या. तेथील मराठी मनुष्य घरी 'खुलासा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात स्पष्टीकरण असते. जे झाकलेले किंवा अर्धवट राहिले ते उलगडून सांगणे, असा त्याचा अर्थ. परंतु शेजारच्या उर्दू शाळेत शिक्षक कवितेचा 'खुलासा' लिहावयास सांगतात, तेव्हा त्यांना सारांश हवा असतो. एकाच गल्लीत एकाच शब्दाने एकजण पसरून सांगा म्हणतो आणि दुसरा आवरून सांगा म्हणतो.

मुळात उर्दू शाळेतील अर्थ जुना आहे. अरबी भाषेतील ख-ल-स या धातूचा अर्थ शुद्ध होणे, मोकळे होणे असा आहे. त्यावरून 'खुलासा' म्हणजे शुद्ध अर्क, काढलेले सार. मराठीत त्याला 'खुला' आणि 'खुलणे' या शब्दांचा शेजार लाभून स्पष्टीकरणाचा अर्थ आला असावा असे दिसते. त्याच धातूचे आणखी दोन शब्द आपण नित्य वापरतो. एक 'खालसा'. मध्यस्थ जहागीरदाराविना थेट सरकारच्या ताब्यात असलेली जमीन ती खालसा. आणि संस्थान खालसा झाले म्हणजे बुडाले. दुसरा शब्द 'खलास', म्हणजे मूळच्या अर्थाने सुटका आणि आपल्या बोलीत संपणे. अर्क काढणे, ताब्यात घेणे आणि संपविणे, ही तीन भावंडे एका घरातील आहेत. सारांश काढणारा मनुष्य या तिन्हींपैकी कोणतेही एक काम करीत असतो, असे आमचे म्हणणे आहे. आणि आपण त्यांतील कोणते करीत आहोत हे ओळखणे हा विवेक होय.

वर लिहिलेली बेरीज

इंग्रजी क्रियापदाचे कूळही पाहण्यासारखे आहे. ते लॅटिनमधील 'सुम्मा' या शब्दाकडे जाते. 'सुम्मा' म्हणजे सर्वांत वरची ओळ. आपण रकमा एकाखाली एक मांडून बेरीज तळाशी लिहितो. प्राचीन रोमन आणि ग्रीक लोक ती वर, माथ्यावर लिहीत. म्हणून ग्रीक भाषेतही बेरजेला 'केफालायोन' म्हणतात, आणि 'केफाले' म्हणजे मस्तक. संत थॉमस अक्वायनस यांच्या महाग्रंथाचे नाव 'सुम्मा' असे आहे, ते याच अर्थाने. हजारो पानांच्या ग्रंथाला सारांश म्हणावे याचे आज नवल वाटते. परंतु त्या नावाने आकाराविषयी काहीच सांगितलेले नाही. शिर असले की धड असलेच पाहिजे, एवढेच त्याने सुचविले आहे. माथ्यावरची बेरीज खालच्या रकमांशी ताडून पाहता येते, आणि तशी ती पाहता यावी म्हणूनच लिहिलेली असते.

याच कुळातील इंग्रजी विशेषण कायद्यात शिरले तेव्हा त्याला दुसरी छटा आली. फौजदारी कायद्यात 'संक्षिप्त न्यायचौकशी' नावाची पद्धत आहे. तीत पुरावा संपूर्ण न लिहिता त्याचा आशय तेवढा लिहितात व निकालाची कारणेही थोडक्यात देतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. मात्र या पद्धतीने खटला चालविला तर तीन महिन्यांहून अधिक कारावासाची शिक्षा देता येत नाही. या मर्यादेत शहाणपण आहे. ज्याची साक्ष केवळ सारांशाने लिहिली गेली, त्याच्या आयुष्यातील फार मोठा काळ त्या सारांशाच्या आधाराने हिरावून घेऊ नये, असे कायद्याला वाटते. आपण आपल्या नोंदवह्यांत एका शब्दाचा शेरा मारून एखाद्या कुटुंबाविषयी कायमचा निवाडा करतो, तेव्हा कायद्याइतका संकोचही आपल्याला वाटू नये काय?

कोठी आणि वऱ्हाडचा हिशोब

आता कोठीकडे वळू. या भागाचे नाव ज्या कोठीवरून पडले ती म्हणजे ब्रिटिश रेसिडेन्सीची भव्य इमारत. १७९८ ते १८०५ या काळात रेसिडेंट असलेल्या जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक यांच्या कारकिर्दीत, १८०३ च्या सुमारास, तिचे बांधकाम सुरू झाले. निजामाच्या दरबारात इंग्रजांचा प्रतिनिधी राहावा यासाठी ती होती. तेथून कलकत्त्यास जे जात असे ते कागद. दरबारातील हालचाली, सरदारांचे रुसवेफुगवे, वसूल आणि कर्ज, यांचे सार काढून ते दूरच्या गव्हर्नर जनरलपुढे ठेवणे हे रेसिडेंटचे मुख्य काम होते. ज्यांनी हैदराबाद कधी पाहिले नाही, ते या सारांशावरून हैदराबादचे भवितव्य ठरवीत.

मराठी वाचकाला या कोठीशी एक निकटचे नाते आहे, आणि ते बहुधा विस्मरणात गेले आहे. १८५३ साली इंग्रजांनी निजामाशी तह केला. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च आणि त्यापायी साचलेले कर्ज हे त्याचे कारण. त्या तहान्वये वऱ्हाड, धाराशिवकडील प्रदेश आणि रायचूरचा दुआब इंग्रजांकडे सोपविण्यात आले. तेव्हापासून १९०३ पर्यंत, म्हणजे अर्धशतक, अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या मराठी मुलखाचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या अधिकाराखाली चालला. कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडी कुणब्याच्या सरकारचे शिखर मुंबईस नव्हते, नागपुरासही नव्हते. ते कोठीत होते.

१८५३ च्या तहात एक अट होती. या प्रदेशाच्या जमाखर्चाचा हिशोब दरवर्षी निजामाला दाखवावा आणि खर्च वजा जाता जे शिल्लक राहील ते त्याला द्यावे. म्हणजे गोषवारा द्यावयाचा आणि त्याच्यासोबत त्याच्या पोटातील रकमाही दाखवावयाच्या. १८५७ च्या उठावानंतर १८६० साली दुसरा तह झाला. त्यात धाराशिवकडील प्रदेश व रायचूरचा दुआब निजामाला परत मिळाले आणि सुमारे पन्नास लाखांचे कर्जही माफ झाले. वरवर पाहता हा उदारपणाच. परंतु त्याच तहाने निजामाने वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब मागण्याचा हक्क सोडून दिला. शिल्लक राहिली तर ती मिळणार होती. ती किती आणि कशी राहिली, हे विचारता येणार नव्हते.

या एका कलमात सारांशाच्या इतिहासातील मोठा धडा आहे. बेरीज राहिली, रकमा नाहीशा झाल्या. गोषवारा राहिला, खुलासा मागण्याचा अधिकार गेला. दिवाण सालारजंग पहिले यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून दीर्घकाळ खटपट केली आणि १८७६ साली ते इंग्लंडलाही जाऊन आले. परंतु त्यांना यश आले नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत, वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या ठोक रकमेवर, वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले. एका विस्तीर्ण प्रांताचे, त्यातील शेतांचे, दुष्काळांचे आणि लेकरांचे अखेर एका आकड्यात रूपांतर झाले. नावापुरते ते निजामाचेच राज्य होते. व्यवहारात ते खालसा झाले होते. आणि वऱ्हाडच्या रयतेला तर हा हिशोब यापैकी कोणत्याही वर्षी कोणी दाखविला नव्हता, हेही येथे विसरता कामा नये.

दोन मुलांची नावे

सारांशाने केवळ प्रांतच जातात असे नाही, माणसेही जातात. ज्या कर्कपॅट्रिक यांच्या काळात ही कोठी उभी राहू लागली, त्यांनी हैदराबादच्या उच्चकुलीन घराण्यातील खैरुन्निसा बेगम यांच्याशी मुस्लिम रीतीने विवाह केला होता. या विवाहाची वरिष्ठांनी चौकशी केली. त्या चौकशीचा विषय कंपनीच्या राजकीय हिताला बाधा येते किंवा नाही हा होता. एका स्त्रीचे सर्व जीवन सरकारी कागदात त्या एका प्रश्नापुरते उरले.

त्यांना दोन अपत्ये झाली. मुलगा साहिब आलम १८०१ साली जन्मला व मुलगी साहिब बेगम १८०२ साली. १८०५ साली ही मुले आईपासून दूर इंग्लंडला पाठविण्यात आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्कपॅट्रिक कलकत्त्यास मरण पावले. इंग्लंडमध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला. तेथून पुढे मुलगा विल्यम जॉर्ज आणि मुलगी कॅथरीन अरोरा या नावांनी ओळखली गेली. खैरुन्निसा १८१३ साली वारल्या. मुलांची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही. कॅथरीन, जिला सर्व जण किटी म्हणत, १८८९ पर्यंत जगली. प्रौढपणी, १८४० नंतरच्या काळात, तिचा हैदराबादेतील आजी शरफुन्निसा यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. इतक्या वर्षांनी आजी आणि नात एकमेकींना पत्रांतून शोधीत होत्या. पहिल्या नावाने जगलेली मुलगी दुसऱ्या नावाखाली खलास झालेली नव्हती, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

आपणा धर्मसेवकांना हा प्रसंग परका वाटू नये. बाप्तिस्म्याची नोंद हाही एक सारांश आहे: नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, दिनांक. संस्कार पवित्र आहे आणि त्याने दिलेले नाव आनंदाचे आहे. परंतु संस्कार करणारा हात आणि नोंद करणारा हात यांची जबाबदारी निरनिराळी असते. नव्या नावाची नोंद करताना जुने नाव, आजोळ आणि आईची भाषा यांचा माग ठेवणे संस्काराच्या आड येत नाही. उलट ज्याला देवाने नावाने हाक मारली त्या व्यक्तीचा तो आदर होय.

एखाद्या दिवसाचे नावही असाच सारांश असतो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीचा शेवट होऊन हैदराबाद भारतात आले. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. कर्नाटकाने २०१९ पासून त्याला कल्याण कर्नाटकाच्या उत्सवाचे नाव दिले. तेलंगणात २०२२ साली एका बाजूने मुक्तिदिन तर दुसऱ्या बाजूने राष्ट्रीय एकात्मता दिन असा तो एकाच शहरात दोन नावांनी साजरा झाला. रझाकारांचा जुलूम ज्यांनी सोसला त्यांच्यासाठी मुक्ती हा शब्द अक्षरशः खरा आहे. त्याच वेळी, लष्करी कारवाईनंतर ज्या मुस्लिम कुटुंबांची हत्या व लूट झाली, त्यांच्या दुःखाला त्या नावात जागा नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज किमान सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला होता, आणि धाराशिव, नांदेड, बिदर व गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक पोळलेले म्हणून नोंदविले होते. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. येथे सारांश खोटा नव्हता. खुलासा दडपलेला होता.

आपल्या ग्रंथांनी दिलेली दुसरी वाट

सारांश म्हणजे नेहमी हरणच, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या देशाच्या ग्रंथपरंपरेने संक्षेप आणि विस्तार यांना एकमेकांचे सोबती मानले. वाल्मीकी रामायणाचा पहिलाच सर्ग म्हणजे नारदांनी वाल्मीकींना थोडक्यात सांगितलेली रामकथा. त्याला संक्षेप रामायण म्हणतात. संक्षेप आधी आणि महाकाव्य नंतर, असा हा क्रम आहे. तो वाचून वाचक निघून जावा अशी योजना नाही. त्याने आत यावे अशी आहे.

मराठीत याचे फार बोलके उदाहरण महानुभाव पंथात सापडते. म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. कोण भेटले, कोठे बसले, काय खाल्ले, कोणी काय विचारले, अशा तपशिलांनी तो ग्रंथ भरलेला आहे. त्यातील चक्रधरांची वचने केसोबासांनी निवडून काढली आणि सूत्रपाठ तयार झाला. पाठांतराला सूत्रे सोपी. परंतु प्रसंगावाचून सूटे झालेले वचन निरनिराळ्या अर्थांनी घेता येते. म्हणून पुढे पंथात 'प्रकरणवश' या नावाचे साहित्य निर्माण झाले. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून आले, हे त्यात सांगितलेले असते. आधी प्रसंगातून वचन वेगळे काढले आणि मग त्या वचनाला त्याचा प्रसंग परत दिला. ज्या समाजाने सारांश केला, त्यानेच त्याचा खुलासाही जतन केला. आम्हाला ही शिस्त अनुकरणीय वाटते.

ख्रिस्ती मराठी परंपरेत हेच काम एका व्यक्तीने केलेले दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा जवळजवळ अकरा हजार ओव्यांत गाइली. त्याच स्टीफन्सांची कोकणी भाषेतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणपुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. पुराण आणि पुस्तिका, दोन्ही एका लेखणीतून उतरली. ज्याने पुराण गाइले नाही त्याच्या हाती पुस्तिका कोरडी होते. ज्याच्याजवळ पुस्तिका नाही त्याला पुराणाच्या अरण्यात वाट सापडत नाही. मार्टिन ल्यूथर यांनीही १५२९ साली लहान आणि मोठी अशा दोन धर्मशिक्षणपुस्तिका लिहिल्या, त्या याच जाणिवेने: घराघरातील मुलांना लहान पुरेल, परंतु शिकविणाऱ्याने मोठी वाचलेली असावी.

शास्त्रातील सारांश

पवित्र शास्त्रात सारांशकाराच्या कष्टांचे प्रांजळ वर्णन एके ठिकाणी आले आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा लेखक प्रस्तावनेत सांगतो की, कुरेने येथील यासोन याने पाच ग्रंथांत लिहिलेला इतिहास आपण एका ग्रंथात आणीत आहोत आणि हे काम सोपे नसून घाम व जागरण मागणारे आहे. यासोनाचे ते पाच ग्रंथ आज अस्तित्वात नाहीत. मूळ खलास झाले आणि सारांश उरला. तथापि या लेखकाचा थोरपणा असा की, त्याने मूळ लेखकाचे नाव आणि त्याच्या ग्रंथांची संख्या सांगून ठेवली. त्यामुळे, आपल्या हाती आहे तो अंश आहे, हे आपल्याला दोन हजार वर्षांनंतरही कळते.

यहुदी परंपरेतील हिल्लेल यांची कथा प्रसिद्ध आहे. एका पायावर उभे राहता येईल तेवढ्या वेळात सर्व नियमशास्त्र शिकवा, असे एका परकीयाने त्यांना म्हटले. हिल्लेल यांनी त्याला हाकलले नाही. स्वतःला जे अप्रिय ते शेजाऱ्यास करू नये, या आशयाचा एक नियम त्यांनी त्याला दिला, उरलेले सर्व त्याचे विवरण आहे असे सांगितले आणि ते शिकण्यास जा म्हणून बजावले. तो शेवटचा आदेश वगळला तर कथेचा प्राणच जातो.

प्रभू येशूने नियमशास्त्र व संदेष्टे यांचे सर्व काही प्रीतीच्या दोन आज्ञांवर टांगलेले आहे असे शिकविले. गोषवाऱ्याच्या मूळ अर्थाशी हे ताडून पाहिले तर एक फरक दिसतो. डूल कानाला लटकते, म्हणजे सारांश मुळाच्या आधाराने असतो. येथे मात्र सर्व शास्त्र त्या दोन आज्ञांच्या आधाराने लोंबते आहे. खुंटी भिंतीत पक्की असली तरी तिच्यावर टांगलेले वस्त्र काढून टाकावयाचे नसते. ते खाली पडू नये म्हणूनच तर खुंटी आहे.

संत पौल यांनी रोमकरांस लिहिताना सर्व आज्ञा शेजाऱ्यावरील प्रीतीच्या एका वचनात सामावतात असे म्हटले; तेथे त्यांनी योजिलेले ग्रीक क्रियापद माथ्यावर बेरीज लिहिण्याचे आहे. इफिसकरांस पाठविलेल्या पत्रात तेच क्रियापद पुन्हा येते. स्वर्गातील आणि पृथ्वीवरील सर्व काही ख्रिस्तामध्ये एकत्र आणण्याच्या देवाच्या योजनेविषयी. मराठीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द बसविणे कठीण आहे. पहिल्या ठिकाणी सारांश चालतो, दुसऱ्या ठिकाणी नाही. कारण तेथे काही गाळून सार काढावयाचे नाही. दुसऱ्या शतकातील संत इरेनेयस यांनी या क्रियापदावर आपले ईश्वरविज्ञान उभारले. ख्रिस्ताने आदामापासूनचा सर्व मानवी इतिहास स्वतःमध्ये पुन्हा जगून, मस्तकाखाली आणला, असे ते मांडतात. बाल्य, तारुण्य, प्रौढपण, मरण, यांतील एकही अवस्था त्याने वगळली नाही. मानवाच्या सारांशात एकही रकाना रिकामा पडत नाही, असा सारांश देवच काढू शकतो. आपले सर्व सारांश अपूर्ण आहेत याचे भान त्या पूर्ण सारांशामुळेच राहते.

आपल्या कामापुरते

या इतिहासातून आमच्या धर्मशिक्षक बंधुभगिनींसाठी काही साध्या गोष्टी निष्पन्न होतात. प्रवचनाचे तात्पर्य एका वाक्यात सांगावे. परंतु श्रोत्याने घरी जाऊन तो शास्त्रपाठ उघडावा अशी भूक त्या वाक्याने लावावी. दाखल्याचा बोध सांगून दाखला संपला, असे मुलांना वाटू देऊ नये. अहवालात कुटुंबांची संख्या लिहिताना, ती कोणत्या वहीवरून मोजली हे लिहून ठेवावे आणि ती वही जपावी. नोंदवहीत कोणा कुटुंबापुढे 'गैरहजर' किंवा 'संबंध तुटला' असा शेरा मारण्यापूर्वी त्या घरी एकदा जाऊन यावे. कामासाठी स्थलांतर, आजारपण, किंवा कोणा जबाबदार माणसाने केलेला अपमान, असे काहीही त्या एका शब्दामागे असू शकते. आणि ज्याच्याविषयी आपण लिहितो, त्याला ते वाचून दाखविण्याची आपली तयारी असावी. ज्या गोषवाऱ्याचा खुलासा मागण्याचा हक्क संबंधित माणसाला नाही, तो गोषवारा त्याला खालसा करणारा आहे, मग तो कोठीतून निघालेला असो वा धर्मग्रामाच्या कचेरीतून.

कोठीची ती इमारत आजही उभी आहे. १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय चालले, २०२२ मध्ये ते महिला विद्यापीठ झाले आणि २०२४ मध्ये त्याला चाकली ऐलम्मा यांचे नाव देण्यात आले. जमीनदाराविरुद्ध आपल्या शेतासाठी उभी राहिलेली ती तेलंगणातील परीट समाजातील स्त्री. ज्या इमारतीतून एकेकाळी लक्षावधी रयतेचा हिशोब एका आकड्यात बंद झाला, तिच्या दारावर आज एका रयतेचे नाव आहे. तेथे शिकणाऱ्या मुलींना परीक्षेत सारांश लिहावा लागेल. तो त्यांनी उत्तम लिहावा, आणि सारांश पुढे आला की त्याचा खुलासा मागण्याचे धैर्यही त्यांना लाभावे. तेच धैर्य आपल्या मंडळीतील प्रत्येकाला द्यावे, हे आपले काम आहे.